वसंतातलं ट्रोलिंग : रिळांची तयारी आणि पहिल्या तीन फेऱ्यांची नोंद

ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे गळाचे दोर ओढत केलेली मासेमारी. सामान : २४ किलो वर्गाची (म्हणजे तेवढ्या ताकदीच्या दोराची) चार लिव्हर ड्रॅग रिळं, १५ किलो वर्गाची दोन. ड्रॅग म्हणजे दोर सुटताना स्पूलला होणारा रोध, तो इथे लिव्हरने कमी-जास्त होतो. बोट चार्टरची, कप्तान आणि खलाशी बोटीचे, रिळं-रॉड आपले. ही विभागणी बुकिंगच्या वेळीच बोलून ठेवावी. काही कप्तान बाहेरचं सामान मागच्या फळीत (बोटीमागे सोडलेल्या दोरांच्या मांडणीत) चालवू देतात, पण आउटरिगरला (दोर बाजूला दूर धरणाऱ्या लांब दांड्यांना) आपलीच रिळं लावतात. मासा लागल्यावर रॉड होल्डरमधून कोण काढणार हेही आधीच ठरवा. बऱ्याच बोटींवर खलाशी गळ बसवून रॉड पाहुण्याच्या हातात देतो. मजेसाठी ते ठीक, पण इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमांत तो मासा विक्रमासाठी बाद होतो. रॉड स्वतः उचलायचा आणि शेवटपर्यंत सामानाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. विक्रम हवाच असेल तर लीडरची (गळाजवळच्या जाड, मजबूत दोराची) लांबीही मोजा : खाऱ्या पाण्यात १० किलोच्या वरच्या वर्गांना लीडर ९.१४ मीटरपर्यंत, दुहेरी दोर (त्याआधीचा दुमडून दोन पदरी केलेला मुख्य दोर) तेवढाच, आणि दोन्ही मिळून १२.१९ मीटरच्या आत.

रिळं

सहाही उघडली. दोन रिळांचा लिव्हर थंडीभर ‘स्ट्राइक’वर (मासा लागताना ठेवायच्या ड्रॅगच्या खुणेवर) राहिला होता, त्यामुळे ड्रॅगचे वॉशर दाबले जाऊन एकमेकांना चिकटले होते. दोराला वजनकाटा लावून ओढल्यावर स्पूल ९ किलोला हलला आणि हलल्यावर ६ किलोवर फिरत राहिला. या दोन आकड्यांमधली दरी हाच खरा दोष. २४ किलोचं तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोर) ९ किलोला तुटत नाही हे खरं, पण मासा थांबून पुन्हा पळू लागला की दर वेळी तोच झटका बसतो. जबड्यात गळाने केलेलं भोक मोठं होत जातं आणि तिसऱ्या-चौथ्या झटक्याला गळ निसटतो. मग ‘मासा नीट लागलाच नव्हता’ असं म्हटलं जातं. नीट लागला होता.

कार्बनचे वॉशर पुसून कोरडे केले, ड्रॅग ग्रीसचा पातळ हात दिला आणि वरचं सगळं पुसून काढलं. विणीत मुरेल तेवढंच ग्रीस हवं. काही रिळांची रचना कोरड्या वॉशरची असते, त्यांना ग्रीस लावलं तर ड्रॅग घसरतो. तेव्हा रिळाचं पुस्तक आधी पाहावं. आता सुरुवात ६.८ आणि चालू ६.५. एवढा फरक चालतो.

प्रीसेटची घुंडी (‘स्ट्राइक’ला किती ड्रॅग यावा हे ठरवणारी) नेहमी लिव्हर ‘फ्री’वर, म्हणजे ड्रॅग सुटलेल्या जागी, आणूनच फिरवायची. घुंडी थोडी फिरवा, लिव्हर ‘स्ट्राइक’वर न्या, मोजा, परत ‘फ्री’वर आणा. लक्ष्य तंगुसाच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्के : २४ किलोला साडेसहा, १५ किलोला चार. मोजताना तंगूस रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवलेलं आणि रॉड ४५ अंशांत उभा हवा. सरळ रिळावरून ओढलं तेव्हा काटा ५.८ दाखवत होता, रॉडमधून ६.५, मधला फरक कड्यांच्या घर्षणाचा. शेवटी ‘फ्री’वर स्पूल मोकळा गरगरतो का ते पाहा. अडखळत असेल तर प्रीसेट जास्त कसला आहे.

स्पूलवर खाली ब्रेड (विणलेला बारीक दोर), वर १०० मीटर तंगूस. ब्रेडच्या आधी स्पूलवर तंगुसाचे पाच-सहा वेढे घातले, नाहीतर ब्रेडचा अख्खा गठ्ठा स्पूलवर घसरतो. ब्रेड ३ ते ४ किलो ताणाखाली भरला. सैल भरला तर मासा ओढताना वरचा वेढा खालच्या थरात रुतून बसतो, आणि रुतलेल्या ब्रेडपुढे ड्रॅगचं काही चालत नाही.

लीडरचे क्रिम्प (दोराचा फासा पक्का करायला दाबून बसवलेल्या धातूच्या नळ्या, म्हणजे स्लीव्ह) मागच्या हंगामाचेच ठेवले. वरून चांगले दिसत होते.

फेरी १

वसंत म्हणजे उत्तर गोलार्धात मार्च ते मे, दक्षिणेत सप्टेंबर ते नोव्हेंबर. दोन्हीकडे अडचण सारखीच : किनाऱ्याजवळचं पाणी अजून गार आणि प्लवकांनी हिरवं, तर निळं उबदार पाणी बाहेरून जिभांसारखं आत सरकत असतं. मासे सापडतात ते या दोन पाण्यांच्या शिवेवर. त्यामुळे जागेपेक्षा शीव शोधण्यातच इंधन जातं.

उपग्रहाच्या तापमान नकाशाने या वेळी दोनदा फसवलं. ढगांखालचं इन्फ्रारेडला दिसत नाही, म्हणून नकाशे तीन-तीन दिवसांचे तुकडे जोडून देतात. अशा जोडनकाशावरची शीव प्रत्यक्षात सात सागरी मैल सरकलेली निघाली. दुसरं, आतल्या बाजूला २३ अंशांचा एक गुबगुबीत ठिपका दिसत होता, तिथे बोटीच्या सेन्सरवर १९.५. ते चित्र दुपारचं होतं, वारा पडलेला, ऊन कडक. अशा वेळी पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा तेवढा तापतो आणि उपग्रहाला दिसतो तोच. यापुढे पहाटेची चित्रं पाहायची, आणि जोडनकाशाऐवजी एकेका दिवसाची, मग त्यात ढगांची भोकं असली तरी चालतील.

खरी शीव सापडली ती रंगावरून. अर्ध्या मैलात पारा १.२ अंशाने चढला, हिरवट पाणी निळं झालं आणि मधोमध शेवाळाची तुटक रांग दिसू लागली. शिवेला काटकोनात छेदून पलीकडे निघून जाण्यात अर्थ नाही. नागमोडी वळणं घेत तिच्या कडेकडेने चालायचं, जास्त वेळ उबदार बाजूला.

फळी सहा दोरांची. मागच्या लाटा बोटीपासून मोजायच्या : डावा कोपरा (बोटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावरचा दोर) दुसऱ्या लाटेवर, उजवा तिसऱ्या, डावा आउटरिगर चौथ्या, उजवा पाचव्या, मधला लांबचा सातव्याच्या पलीकडे, आणि एक राखीव. ल्यूर (कृत्रिम आमिष) लाटेच्या बोटीकडच्या उतारावर धावला पाहिजे. माथ्यावर आला की उडतो, पाठीमागे गेला की मरगळतो. चांगला ल्यूर वर येऊन हवा गिळतो, खाली जाऊन बुडबुड्यांची शेपटी सोडतो, आणि काही सेकंदांनी पुन्हा वर येतो. साडेसात नॉटला हे साधलं.

तरंगत्या ओंडक्याशेजारी दोन माहीमाही मासे लागले, एक हाती आला. माहीमाही थव्याने असतात. पहिला लागलेला बोटीजवळ पाण्यातच ठेवला तर थवा त्याच्या मागे येतो. घाईने तो वर ओढला आणि थवा पांगला. दुसरा सुटला, कारण झटापटीत लिव्हर ‘स्ट्राइक’ ओलांडून पूर्ण पुढे ढकलला गेला. पूर्ण पुढे काटा ९.५ दाखवतो. आता प्रत्येक रिळावर ‘स्ट्राइक’ला पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आहे.

(वसंतात नद्या खूप ओंडके आणून टाकतात. ट्रोलिंगला चांगलं, पण पहाटे अंधारात २० नॉटने जाताना हेच ओंडके प्रोपेलर खातात.)

आमिष

ल्यूर पुरेसे पडत नव्हते म्हणून दुसऱ्या फेरीला दोन दोरांवर बॅलीहू, म्हणजे लांब चोचीचा छोटा मासा. गोठवलेला बॅलीहू बर्फाच्या पाण्यातच उतरवायचा, उन्हात नाही. ऊन लागलं की पोट फुटतं. मग पोटावर अंगठा मागे सरकवत घाण पिळून काढायची, डोळे काढायचे, मासा दोन्ही बाजूंना वाकवून पाठीचा कणा सैल करायचा. नंतर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या बर्फाच्या पाण्यात ठेवायचा, कातडी घट्ट होते.

खरी मेख गळाच्या भोकात आहे. गळ कल्ल्यातून आत घालून पोटातून बाहेर काढला की गळाच्या दांडीने मासा किंचितही ओढला जाता कामा नये. भोक दोन-तीन मिलिमीटर पुढे पडलं तरी अंग वाकतं आणि बॅलीहू पंख्यासारखा गोल फिरायला लागतो. फिरणाऱ्या आमिषाला मासा तोंड लावत नाही, वर लीडरला पीळ बसतो तो वेगळाच. उपाय सोपा : गळाच्या दांडीमागे ब्लेडने अर्धा सेंटिमीटर चीर वाढवायची म्हणजे गळ मोकळा हलतो. बोटीच्या कडेला धरून दहा सेकंद पाहावा, मगच मागे सोडावा. वेग सहा नॉट. ल्यूर आणि बॅलीहू एकत्र चालवले तर कुणातरी एकावर अन्याय होतोच. साडेसहाला दोन्ही कसेबसे निभावतात.

आमिषावर सर्कल हूक (टोक आत वळलेला गोलसर गळ), ल्यूरवर साधा ‘J’ आकाराचा गळ. सर्कल हूकला रॉडचा झटका द्यायचाच नाही. मासा वळून जाऊ द्यायचा आणि लिव्हर सावकाश पुढे न्यायचा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. जुन्या सवयीचे हात इथे घात करतात.

फेरी २

लाट १.२ मीटर, पण अंतर फक्त पाच सेकंद. हवामानाच्या अंदाजात लोक उंची वाचतात आणि सेकंद सोडून देतात. दीड मीटर आणि दहा सेकंद असेल तर सुखाची सवारी, तीच उंची पाच सेकंदांची असेल तर बादल्या भरतात. त्यात वारा प्रवाहाच्या उलट असला की लाटा उभ्या राहतात. लाटेसोबत साडेसात नॉट, समोरून सहा. ल्यूर उडत होते. आउटरिगरचे क्लिप खाली उतरवले आणि कोपऱ्यांना जड, टोकदार डोक्याचे ल्यूर लावले, मग बसले. शेवाळ इतकं होतं की दर पंधरा मिनिटांनी दोर तपासावे लागले. गळावर एक काडी जरी अडकली तरी तो दोर बंदच समजायचा.

दोन दोर एकदम कडाडले. बोट लगेच थांबवली नाही, दहा-बारा सेकंद तशीच पुढे नेली. त्याने गळही पक्का बसतो आणि मागून येणारा तिसरा मासा लागण्याची शक्यताही राहते. तिसरा लागला नाही. पहिला बोटीशी आला आणि खलाशाने लीडर हातात घेताच लीडर तुटला.

तुटलेलं टोक भिंगाखाली पाहिलं. क्रिम्पच्या अगदी तोंडाशी सुरीने कापल्यासारखं सपाट. स्लीव्ह थेट कडेपर्यंत दाबली होती, त्यामुळे तिची कड तंगुसात घुसली. क्रिम्प मधल्या भागातच दाबायचा, दोन्ही टोकांना मिलिमीटरभर कड न दाबता सोडायची म्हणजे टोकं किंचित घंटेसारखी उघडी राहतात. तंगुसाला अॅल्युमिनियमची स्लीव्ह, मापाला अचूक : दोन्ही पदर आत जावेत पण डगमगू नयेत. सुट्टं टोक लायटरने हलकं वितळवून त्याची गुठळी करायची, पण ज्योत मुख्य पदराला लागली तर सगळा लीडर टाकून द्यायचा. मग काट्याला लावून ओढायचा. सगळे बारा लीडर नव्याने केले. चाचणीत दोन घसरले, दोन्हींत स्लीव्ह एक माप मोठी होती.

वाहू या धारदार दातांच्या माशासाठी तारेचे लीडर वेगळे. तारेला हेवायर ट्विस्ट (तारेला पीळ देऊन केलेला फासा), उरलेलं टोक पक्कडने कापायचं नाही. त्याला वाकवून हँडलसारखं करायचं आणि पुढेमागे फिरवून मोडायचं. कापलेलं टोक वस्तऱ्यासारखं उभं राहतं आणि लीडर धरणाऱ्याचा हात चिरतं.

फेरी ३

शिवेच्या उबदार बाजूला २२.४ अंश. पक्षी घिरट्या घालत होते, साउंडरवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) ३० मीटरला आमिषमाशांचा ढग. लांबच्या दोरावर यलोफिन टूना, सुमारे २८ किलो.

पहिल्याच धावेत जवळपास ३०० मीटर दोर गेला. भरलेल्या स्पूलचा व्यास ९.५ सेंटिमीटर, तेव्हा उरला ७.२. लिव्हर न हलवताही ड्रॅग त्याच प्रमाणात वाढतो : साडेसहाचा ८.६ झाला, आणि पाण्यात ओढल्या जाणाऱ्या दोराचा भार वेगळा. लोक नेमके अशा वेळी लिव्हर पुढे ढकलतात, कारण मासा थांबत नाही. इथे लिव्हर बोटभर मागे घ्यायचा आणि कप्तानाला बोट माशाकडे न्यायला सांगायचं. स्पूल भरत आला की लिव्हर परत रेघेवर.

शेवटची वीस मिनिटं टूना बोटीखाली गोल फिरत होता. रॉड खूप उंच उचलू नये. आखूड उपसा, अर्धा-अर्धा वेढा. फेरीत तो बोटीकडे तोंड करतो तेवढ्याच क्षणी दोर मिळतो, पाठ फिरवली की नुसतं धरून ठेवायचं. लिव्हर ड्रॅग रिळाला दोर पसरवणारी यंत्रणा नसते, अंगठ्याने दोर डावीकडे-उजवीकडे वाटत राहा, नाहीतर मधे ढीग होऊन रिळाच्या दांड्याला अडकतो. लीडर हाताला गुंडाळताना हातमोजे हवेत आणि वेढे असे हवेत की मूठ उघडताच सुटतील. गॅफ (मासा वर ओढायचा दांड्याचा आकडा) डोक्यामागे खांद्यात.

टूनाचं अंग लढाईत तापतं, म्हणून पुढची दहा मिनिटं महत्त्वाची. मेंदूत खिळा, मग छातीच्या पंखामागे दोन बोटांवर दोन्ही बाजूंना चीर, कल्ल्याखालचा पडदा कापायचा, रक्त वाहू द्यायचं. मग कल्ले आणि आतडी काढून दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा लगद्यात पूर्ण बुडवायचा. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांत मधे हवा राहते, गारवा आत पोचत नाही. टूना आणि माहीमाही गरम राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही.

चौथ्या फेरीआधी : १५ किलोच्या एका रिळात बेअरिंगची खरखर आहे, ते बदलायचं. टूनाच्या दोराचे वरचे पाच मीटर कड्यांत घासून खरबरीत झालेत, कापून वाइंड-ऑन लीडर (कड्यांतून रिळावर गुंडाळता येणारा) नव्याने जोडायचा. बर्फ दुप्पट.