तुम्ही विचारलंत म्हणून: उतरलेलं वजन परत का नाही चढलं?

स्टाफरूममध्ये, भिशीला, सकाळी सांगलीच्या आयर्विन पुलाकडे चालायला निघाल्यावर, गेली सात वर्षं लोक मला एकच विचारतात. "बाई, तुमचं वजन परत कसं वाढलं नाही?" आणि पाठोपाठ स्वतःच उत्तर देतात, "तुमचं मेटाबॉलिझमच चांगलं असणार." रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहिते.

मेटाबॉलिझम म्हणजे शरीर ऊर्जा किती वेगाने खर्च करतं ते. माझं त्या अर्थाने चांगलं नाही. माझ्याएवढ्याच वजनाच्या बाईपेक्षा माझं शरीर कमी अन्नात भागवतं.

माझ्या मोठ्या जाऊबाई आणि मी, दोघींची उंची पाच फूट दोन इंच. वजनही दोघींचं ६४-६५ किलो. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून साधारण एवढ्याच आहेत, मी ८१ वरून इथे उतरले आहे. रविवारी सगळ्यांची पानं झाली की आम्ही दोघी जेवायला बसतो. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. ताई दोन भाकऱ्या खातात, वर दहीभात. मी दीड भाकरी आणि वाटीभर उसळीवर थांबते. उरलेली अर्धी टोपलीत ठेवताना त्या दर वेळी म्हणतात, "अगं, वजन तर आपलं सारखंच. मग तुलाच का एवढं?"

काटा सारखा आकडा दाखवतो, पण शरीरं सारखी नसतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या लायबल, रोझेनबॉम आणि हिर्श यांनी १९९५ साली हे मोजून दाखवलं. माणसाचं वजन दहा टक्क्यांनी उतरवून तिथेच स्थिर ठेवलं, की शरीराचा दिवसाचा ऊर्जेचा खर्च नुसत्या लहान झालेल्या शरीराच्या हिशोबापेक्षाही खाली जातो. चरबी कमी झाली की तिच्यातून रक्तात येणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक कमी होतं आणि मेंदू समजतो, दुष्काळ पडला. मग तो काटकसर सुरू करतो. तेवढंच अंतर चालायला, तेवढेच जिने चढायला स्नायू पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा वापरायला लागतात. आणि भूक वाढते.

ही भूक मला आधी कुणी समजावून सांगितली असती तर माझी काही वर्षं वाचली असती. २०१२ साली मी एका केंद्रात नाव घातलं होतं. भात बंद, भाकरी बंद, रात्री फक्त सूप. चार महिन्यांत १५ किलो उतरले. केस मूठमूठ गळायचे, एप्रिलच्या उन्हातही हात गार असायचे, पण सगळीकडे कौतुक चाललं होतं. केंद्राने माझे दोन फोटो भिंतीवर लावले. दोन वर्षांत माझं वजन ८३ झालं, सुरू केलं होतं त्याच्याही दोन किलो वर. परत गेले तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचा कंट्रोल सुटला." मी ते खरं मानलं. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात दिवा न लावता डब्यातलं भडंग खाणारी मीच होते, दुसरं कोण होतं? कित्येक दिवस मला आरशात बघायची लाज वाटायची.

मेलबर्नच्या संशोधकांचं काम मी पुष्कळ नंतर वाचलं. २०११ साली ते प्रसिद्ध झालं होतं, म्हणजे मी त्या केंद्राची पायरी चढण्याआधीच. ५० माणसांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला आणि वजन उतरल्यावर त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं मोजली. वर्षभरानेही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं, लेप्टिन उतरलेलंच होतं, आणि माणसं आधीपेक्षा जास्त भूक लागते म्हणून सांगत होती. वाचून मी रडले. माझ्या स्वभावात खोट नव्हती. ज्या कुणाचं वजन परत चढलंय, त्या प्रत्येकीला मला हे आधी सांगायचं असतं. पुढचं सगळं नंतर.

मात्र "माझं मेटाबॉलिझम बंद पडलंय" असंही म्हणू नका. ते बंद पडत नाही, मंदावतं, आणि किती मंदावेल ते प्रत्येकाचं वेगळं. टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतलं आहे. संशोधक केविन हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये तिथल्या १४ स्पर्धकांचा अभ्यास छापला. सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरी कमी जाळत होतं. त्यांनी तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवले होते, तुमचंआमचं तसं नसतं. याच स्पर्धकांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्यांचं वजन त्यातल्या त्यात टिकलं, त्यांनी शारीरिक हालचाल सगळ्यात जास्त वाढवली होती. अमेरिकेतच १९९४ पासून वजन टिकवलेल्यांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातही बहुतेक जण रोज तासभर चालण्यासारखं काहीतरी करतात, आणि चारातले तीन जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात.

आणि वय. मी ५१ वर्षांची आहे. पाळी गेली की मेटाबॉलिझम ढासळतं, असं सगळ्या सांगतात. २०२१ मध्ये २९ देशांतल्या सहा हजारांवर माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार आणि स्नायू हिशोबात धरले तर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळजवळ स्थिर असतो. या वयात स्नायू झिजतात आणि आपलं बसणं वाढतं, ते मात्र खरं.

स्नायूंचं निघालं म्हणून पुण्याची गोष्ट सांगते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुन्हा तेच, आकडा एक आणि शरीरं दोन. आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी. त्यात उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत चढताना बहुतेक चरबीच येते. २०१२ मध्ये मी माझ्या शरीराचं हेच केलं.

म्हणून २०१७ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा घाई केली नाही. चौदा महिन्यांत १६ किलो. भाकरी सोडली नाही, भात सोडला नाही. सकाळी दोन अंडी किंवा मुगाची धिरडी, दुपारच्या डब्यात मटकी, हरभरा, चवळी यातलं काही, रात्री घट्ट वरण. आठवड्यातून तीनदा रबरी पट्टे घेऊन व्यायाम आणि भिंतीला हात टेकून जोर. स्नायू वाढले की बसल्या बसल्या चरबी जळते, हे फार फुगवून सांगतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला १३ किलोकॅलरीच्या आसपासच जाळतो. पण जेवणातली साखर उचलून घेतो, आणि तासभर चालायला बळ देतो. मला ते पुरेसं आहे.

सगळ्यात मोठा फरक तेलाने पडला. पूर्वी फोडणीला पळी अंदाजाने ओतायचे. एकदा ती चमच्याने मोजून पाहिली, पोह्यांचे साडेतीन चमचे भरले. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० किलोकॅलरी असतात. आता घरात चौघांच्या भाजीला दोन चमचे. ताईंच्या हातच्या भाजीला मी काही म्हणत नाही.

हल्ली विचारतात ते वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड. डॉक्टरांनी दिली असतील तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही, ती त्या भुकेवरच काम करतात. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, असं त्याच्या चाचणीत दिसलंय. बंद केल्यावर काय करायचं, हे सुरू करतानाच विचारून घ्या.

स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय आहे. दुधाचा हिशोब असतो त्याच चौकोनात खालच्या कोपऱ्यात मी रोज सकाळचं वजन पेन्सिलीने लिहिते. ६६ ही माझी हद्द. एक दिवस ओलांडली तर काही करत नाही, सलग आठवडाभर वर राहिली तर संध्याकाळचं फरसाण थांबवते आणि पुलापलीकडे आणखी वीस मिनिटं जाते.

गौरी-गणपतीत मी पुरणपोळी खाते, उकडीचे मोदक खाते, तूप घालून. गेल्या वर्षी गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौकोनात ६६.७ आलं, दोन दिवसांत सव्वा किलो. पूर्वी असा आकडा पाहून मी दुसऱ्याच दिवशी निर्जळी उपास धरला असता. आता माहीत आहे, एक किलो चरबी साठायला सुमारे ७,७०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात, मोदकांनी दोन दिवसांत तेवढं होत नाही. ते मिठामुळे आणि पिठामुळे शरीराने धरून ठेवलेलं पाणी असतं. मी आकडा लिहिला आणि चालायला गेले. पुढच्या मंगळवारी चौकोनात ६५.३ होतं.