अण्णांच्या अँबॅसडरचा काटा

अण्णांच्या पेट्रोलच्या वहीत फेब्रुवारीच्या पानावर दोन ओळी होत्या. ‘डेरवण, आई, रात्री 2.’ आणि तिच्याखाली, ‘मार्गताम्हाने, कॅन 5 लि.’ त्या आठवड्यात आमचं फोनवर तीनदा बोलणं झालं होतं आणि तिन्ही वेळा ‘इकडे सगळं ठीक’ होतं. आईला दम लागला, अण्णांनी रात्री डेरवणच्या हॉस्पिटलला न्यायला गाडी काढली आणि वाटेत पेट्रोल संपलं, हे मला मे महिन्यात कोकणात पालशेतच्या आमच्या घराच्या पडवीत बसून वहीतून कळलं.

गाडी 1969 ची अँबॅसडर, मार्क 2. पेट्रोलचा काटा नीट चालत नाही हे मला माहीत होतं. किल्ली फिरवली की तो फुलच्या पलीकडे जाऊन बसायचा आणि टाकी कोरडी झाली तरी तिथून हलायचा नाही. अण्णा वहीवर गाडी चालवायचे. किती लिटर भरलं, किती किलोमीटर झाले, लिटरला दहा धरायचे आणि वजाबाकी. दिवसा ती चोख जमते. पण शेजारी आई धापा टाकत असताना रात्री दोन वाजता माणूस वजाबाकी कशी करणार? म्हणून मी ठरवलं, परत जायच्या आधी हा काटा चालू झालाच पाहिजे.

खरं तर एक सेंडर मी ऑक्सफर्डहून घेऊनच आले होते. सेंडर म्हणजे टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटची दांडी आणि तिच्या टोकाशी असलेली रेझिस्टन्सची तार. पेट्रोल खाली गेलं की दांडी खाली येते, रेझिस्टन्स बदलतो आणि काटा हलतो. मी ऑक्सफर्डच्या काउली भागात राहते. विल्यम मॉरिसने 1913 साली मोटारी बनवायला घेतल्या त्या काउलीतच, आणि आपली अँबॅसडर म्हणजे इथली मॉरिस ऑक्सफर्ड, सीरिज 3. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती 2014 पर्यंत बनत होती. तेव्हा मला वाटलं, पार्ट माहेरचाच आहे, बसेल. पंचेचाळीस पौंड मोजले. घरी आणून लावून बघितला तर स्क्रूची भोकं जुळली, दांडी मात्र लांब. फ्लोट टाकीच्या तळाला टेकायचा.

“तिकडे सगळं मिळतं ना तुमच्याकडे?” असं शेजारी म्हणाले ते मला लागलं. तिकडे सगळं मिळत नाही, पण जुन्या गाडीचा मान मात्र राखतात. चाळीस वर्षं झाली की रोड टॅक्स माफ, आणि गाडीत मोठे बदल केलेले नसले तर वार्षिक तपासणीही नाही. तरी रोज चालवायला मोकळीक. आपल्याकडे 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ येतं. पण मग ती रॅलीला न्यायची, प्रदर्शनाला न्यायची, रोजच्या कामाला नाही. अण्णांनी ती घेतलीच नाही. दर पाच वर्षांनी गाडी पासिंगला नेतात आणि तिच्यातूनच शृंगारतळीला बाजाराला जातात. जुनी गाडी म्हणजे झाकून ठेवायची वस्तू, हे कोणी ठरवलं? ज्या घरात तीच एक गाडी आहे त्यांनी काय करायचं? हे बोलले की घरी सगळे म्हणतात, तू तिकडचीच झालीस. मुंबईतली आमची भावंडं तरी गणपती सोडून कधी फिरकतात? मी निदान वही उघडून वाचली.

शेवटी शृंगारतळीहून ऑटो इलेक्ट्रिशियन आले. मी डॅशबोर्ड खोलायच्या तयारीत होते. “थांबा ताई, वर हात नका लावू,” म्हणाले आणि गाडीच्या मागे गेले. सेंडरची वायर काढली आणि बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्याला टेकवली. मी आत बसून काट्याकडे बघत होते. इतकी वर्षं फुलवर चिकटलेला काटा सरळ खाली एम्प्टीवर आला. वायर उचलली, परत फुल. “मीटर चांगला आहे, वायरपण चांगली. टाकीचा अर्थ गेलाय.”

अर्थ म्हणजे अर्थिंग, टाकीची गाडीच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी. हे मला कायम लक्षात राहील. आमच्या गाडीतला मीटर जुना, दोन कॉइलचा. त्यात रेझिस्टन्स जितका जास्त तितका काटा फुलकडे. अर्थच तुटला की मीटरला वाटतं रेझिस्टन्स अमाप आहे, म्हणजे टाकी भरलेली. आमची पडवी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेने टाकीच्या पट्ट्यांखाली गंज धरला आणि टाकीचा बॉडीशी संबंधच तुटला. त्यांनी सेंडरच्या स्क्रूपासून चासीपर्यंत वेगळी वायर ओढली, दोन्ही टोकांना पॉलिश पेपर मारून पत्रा चकचकीत केला आणि वर ग्रीस फासलं.

आता काटा एम्प्टीवर, आणि टाकीत तर पेट्रोल होतं. बॅटरीची वायर सोडली, टाकी कॅनमध्ये रिकामी केली, सेंडर बाहेर काढला. पितळी फ्लोट कानाशी हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं, म्हणजे तो तरंगायच्या ऐवजी बुडत होता. आईने पातेल्यात कढत पाणी आणून दिलं, अंगणात, चुलीपासून लांब. त्यात फ्लोट बुडवला तसे शिवणीतून बारीक बुडबुडे निघाले. तिथे खूण केली, आतलं पेट्रोल काढलं, फ्लोट दिवसभर उन्हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजमध्ये नेऊन सोल्डर करून आणला. मजुरी घेतली तीनशे रुपये. मी जास्त द्यायला गेले तर अण्णाच रागावले.

मी आणलेला सेंडर कपाटात ठेवलाय, त्याची तार पुढेमागे उपयोगी पडेल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी पाच-पाच लिटर मोजून टाकीत ओतलं. दरवेळी किल्ली फिरवून काटा कुठे आला ते बघितलं. तो सारख्या मापाने चढत नाही. खाली रेंगाळतो, मध्यावर भराभर सरकतो. अण्णांनी वहीत पट्टीने नवीन रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘काटा’.

कालच्या फोनवर मी आधी आईची विचारपूस केली आणि मग विचारलं, काटा कुठे आहे? “पावच्या खाली,” अण्णा म्हणाले. “म्हणजे नऊ लिटर. उद्या भरतो.” मी म्हटलं, उद्या नको, आजच भरा. आणि त्यांनी रात्री जेवणाआधी जाऊन भरलं.