२८ म्हणजे किती?

सकाळी साडेनऊला लॅबचा फोन वाजला. कॅज्युअल्टीतले ज्युनियर डॉक्टर होते, आवाज चढलेला.

"मॅडम, ट्रोपोनिन २८? नक्की २८? पेशंट माझ्यासमोर बसून मोबाइल बघतोय!"

त्याच दिवशी सकाळी ७ वाजता आम्ही ट्रोपोनिनची जुनी चाचणी बंद करून हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी, म्हणजे अगदी कमी प्रमाणही पकडणारी चाचणी, सुरू केली होती. अडीच तासही धड गेले नव्हते.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं, म्हणून छातीत दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येकाचं ते तपासतात. आमचा जुना रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये जायचा आणि ०.०३ च्या खाली आला की सगळे निर्धास्त व्हायचे. नवी चाचणी नॅनोग्रॅम प्रति लीटरमध्ये बोलते आणि तिची सीमा आहे १४. एकक हजारपटीनं बदललं. जुन्या एककात २८ म्हणजे हृदयाचा मोठा भाग निकामी होत असल्याची खूण. नव्या एककात २८ म्हणजे सीमेच्या दुप्पट, बस्स. डॉक्टरांच्या डोळ्यांनी जुनं एकक वाचलं होतं.

त्यांना समजावून सांगत असतानाच बाजूचा सहकारी पुटपुटला, "हजारानं भागा म्हणावं, झालं." त्याला मी हातानंच गप्प केलं. खालच्या आकड्यांत दोन्ही चाचण्या हजाराच्या हिशेबानं जुळत नाहीत, हे आम्ही दोन आठवडे तीच सॅम्पलं दोन्हीकडे चालवून पाहिलं होतं.

पण "एकक बदललंय" एवढं सांगून भागेना. डॉक्टर म्हणाले, "ते ठीक आहे, पण इथे रिपोर्टवर लाल बाण आहे आणि खाली लिहिलंय, ०.०३ पेक्षा कमी हवं."

माझ्या पोटात गोळा आला.

संदर्भ मर्यादा, म्हणजे नॉर्मल कुठपर्यंत मानायचं तो आकडा, आमच्याकडे दोन ठिकाणी साठवलेली असते. एकदा लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि एकदा वॉर्डात दिसणाऱ्या रिपोर्टच्या साच्यात. मी पहिली बदलली होती. चाचपणी करताना दहा वेळा स्क्रीन तपासली, पण दहाही वेळा लॅबचीच. वॉर्डात बसून कागद कसा दिसतो, हे एकदाही पाहिलं नाही. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेली सॅम्पलं, चालवून झाले, तेच सॅम्पल पुन्हापुन्हा चालवल्यावर सीमेजवळच्या आकड्यांतला चढउतार १० टक्क्यांच्या आत राहतो का ते बघून झालं, सर्क्युलर गेलं, दोन मीटिंगा झाल्या, हजेरीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. आणि ७ वाजल्यापासून ११ रिपोर्ट नवा आकडा आणि जुनी मर्यादा घेऊन गेले होते. ५ आला तरी लाल बाण, ७ आला तरी लाल बाण. बाकीच्या दहांपैकी कुणी फोनही केला नव्हता, हे मला जास्त टोचलं.

आमच्या विभागप्रमुख मॅडम आल्या. त्यांचा पहिला प्रश्न, "परत जुन्यावर जायचं का?"

जुनं मशीन बाजूलाच होतं, रीएजंट म्हणजे चाचणीची रसायनं चढवलेलं. अशा वेळेसाठीच ठेवलं होतं ते. खरं सांगायचं तर माझ्या मनात "हो" होतं. पन्नास जणांसमोर चूक कबूल करण्यापेक्षा "काही तांत्रिक कारणानं" म्हणून आठवडाभर मागे सरकणं सोपं असतं.

पण मॅडमनी विचारलं म्हणून मोठ्यानं विचार करावा लागला. मशीनचे आकडे बरोबर आहेत, कागद चुकलाय. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही चाचणी बहुतेक वेळा एका आकड्यावर चालत नाही. २०१८ च्या हार्ट अटॅकच्या चौथ्या जागतिक व्याख्येतही नुसतं सीमेच्या वर असणं पुरत नाही, ट्रोपोनिन वाढताना किंवा उतरताना दिसावं लागतं आणि जोडीला लक्षणं, ईसीजी असं काहीतरी लागतं. म्हणजे ११ जणांचं पहिलं सॅम्पल नव्या पद्धतीनं झालंय आणि दुसरं जुन्या पद्धतीनं केलं, तर फरक काढायचा कशातून? मध्येच मागे फिरलो तर त्या ११ जणांना ना जुनी चाचणी मिळाली असती, ना नवी.

"नाही फिरायचं," मी म्हटलं. "रिपोर्ट आपोआप सुटतात ते बंद करते. साचा दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक निकाल फोनवर, एककासकट, आणि समोरच्यानं परत म्हणून दाखवायचा."

आयटीवाल्यांना ४० मिनिटं लागली. तेवढ्यात ११ फोन झाले. बहुतेकांनी ऐकून घेतलं, एकांनी झापलं, त्यांचं बरोबरच होतं.

२८ वाल्या डॉक्टरांना मी सांगितलं, "एका तासानं दुसरं सॅम्पल पाठवा."

"म्हणजे अटॅक आहे की नाही?"

"एवढ्यावरून नाही सांगता येणार."

"मग नवी चाचणी आणून सुधारलं काय? जुनी निदान हो किंवा नाही तरी म्हणायची."

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. ते १४ सुद्धा काही निसर्गानं आखलेली रेघ नाही. निरोगी माणसांच्या गटातले ९९ टक्के ज्या आकड्याच्या खाली असतात, तो हा आकडा. शंभरातला एक धडधाकट माणूस त्याच्या वर असणारच. जुनी चाचणी "नाही" म्हणायची, कारण तिला खालचं नीट दिसतच नव्हतं.

तासानं त्या पेशंटचं दुसरं आलं २९. हललं नव्हतं. किडनीचा जुना आजार होता, आणि अशांचं ट्रोपोनिन कायमच थोडं वर असू शकतं. पुढचं त्यांनी ईसीजी आणि बाकी गोष्टी बघून ठरवायचं होतं, ते आमचं काम नव्हे.

दुपारी त्याच डॉक्टरांचा पुन्हा फोन. आता साचा दुरुस्त होता, बाण गेले होते. "मॅडम, हा ९ आलाय. नॉर्मल ना? पाठवू घरी?"

"दुखायला कधी लागलं?"

"तासभर झाला असेल."

"मग फार लवकर आहे, सर. दुसरं येऊ दे."

दुसरं आलं, पण सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रातून, काढलेल्या नळीत वरचा थर पिवळसर हवा तो सरबतासारखा गुलाबी. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या होत्या. ट्रोपोनिन टी अशा सॅम्पलमध्ये खोटं कमी दिसू शकतं. परत काढायला सांगितलं तेव्हा पलीकडची सिस्टर म्हणाली, "आज तुमचं काय चाललंय नक्की?" काय सांगणार तिला. नवी नळी आली. मशीनला १८ मिनिटं लागतात. एरवी त्या वेळात मी दुसरी दहा कामं करते. त्या दिवशी स्क्रीनसमोर उभी राहिले.

१७.

एका तासाच्या नियमात ५ किंवा त्याहून जास्त वाढ म्हणजे हार्ट अटॅकची दाट शक्यता. ही ८ ची होती. जुन्या चाचणीत हे दोन्ही आकडे, माझ्या अंदाजानं, ०.०३ च्या खालीच बसले असते. मी फोनवर एवढंच म्हटलं, "९ वरून १७, नॅनोग्रॅम प्रति लीटर." पलीकडून डॉक्टरांनी आकडे परत म्हणून दाखवले, एककासकट, आणि फोन ठेवला. सकाळचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

संध्याकाळी मी रजिस्टरमध्ये पट्टीनं तीन रकाने आखले. पहिला, दुसरा, फरक. कॉम्प्युटर हे सगळं दाखवतो, पण रात्रपाळीच्या माणसाला एका नजरेत दिसायला हवं होतं. शेवटची नोंद एका नव्या पेशंटची, पहिला आकडा २१. दुसरं सॅम्पल ८:४० ला यायचं होतं आणि माझी ड्युटी ८ ला संपत होती. फोनवर आणि आता वॉर्डाच्या कॉम्प्युटरवरही चिकटवलेली नव्या एककाची चिठ्ठी रात्रपाळीवाल्याला दाखवली, त्याच्याकडून एकक दोनदा वदवून घेतलं आणि पुढचे दोन रकाने रिकामे ठेवून बाहेर पडले.