दोन फुटी टाकीतील अनाहूत गोगलगायी : जून ते ऑक्टोबरच्या नोंदी

ही नोंदवही मी केवळ स्वतःसाठी ठेवली होती. मात्र गेल्या काही दिवसांत मासे पाळणाऱ्या तीन-चार मैत्रिणींनी ‘टाकीत गोगलगायी झाल्या आहेत, कोणते औषध घालू?’ असा एकच प्रश्न विचारला, म्हणून ती थोडी नीटनेटकी करून सर्वांसमोर ठेवत आहे. औषधाची शिफारस या नोंदींत सापडणार नाही आणि ती का नाही, हे ओघाने स्पष्ट होईल.

टाकी परळच्या आमच्या घरात आहे. माप ६० × ३० × ३० सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ भरली तर ५४ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी साधारण ४५ लिटर भरते. तीत अकरा गप्पी, सहा कोरिडोरास, एक हनी गुरामी हे मासे आणि वीस-बावीस चेरी झिंगे आहेत. स्पंज फिल्टर, बारीक नदीची वाळू, व्हॅलिसनेरिया आणि जावा मॉस या पाणवनस्पती. हीटर नाही, पावसाळ्यातसुद्धा पाणी २७ ते २९ अंशांवर असते.

२१ जून

कॅबोंबा या पाणवनस्पतीच्या तीन नव्या जुड्या लावून आज नऊ दिवस झाले. सकाळी पुढच्या काचेवर तांदळाच्या दाण्याएवढी एक गोगलगाय दिसली आणि दुपारपर्यंत चार झाल्या. नऊ दिवसांत अंड्यातून बाहेर पडून एवढी वाढ होणे शक्य नाही, त्यामुळे त्या अंड्यांच्या नव्हे तर पिल्लांच्या रूपातच झाडांबरोबर आल्या असणार. दुकानात सगळ्या जातींची झाडे एकाच टबात ठेवलेली होती आणि मी ती घरी आणून नळाखाली खळखळून धुतली, एवढ्यावरच समाधान मानले होते. चूक तिथे झाली.

शंख पातळ, पिवळसर तपकिरी, त्यावर सोनेरी ठिपके. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरून पाहिले, तर तोंड डाव्या बाजूला उघडते. ही खूण पक्की आहे : डावीकडे उघडणारा शंख आणि धाग्यासारख्या बारीक शिंगांची जोडी असेल, तर ती ब्लॅडर स्नेल, शास्त्रीय नाव फायसेला अक्युटा. तिच्यासारखीच दिसणारी लिम्निया उजवीकडे उघडते आणि तिची शिंगे चपटी, त्रिकोणी असतात.

रात्री साडेअकराला, दिवे बंद करून तासाभराने, टॉर्च घेऊन बसले. दिवसा चार दिसणाऱ्या टाकीत रात्री ३१ ब्लॅडर स्नेल मोजल्या. शिवाय चकलीसारख्या चपट्या वेटोळ्याच्या नऊ रॅमशॉर्न होत्या, त्यांतील दोन लालसर. रॅमशॉर्नच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते आणि शंखात गडद रंगद्रव्य कमी असले की ती लाली बाहेर दिसते. खरे आश्चर्य वाळूत होते. निमुळत्या, लांबट शंखांच्या किमान वीस मलेशियन ट्रम्पेट वाळूतून वर आल्या होत्या आणि त्यांतल्या काहींची लांबी दोन सेंटिमीटर होती. त्या नऊ दिवसांपूर्वीच्या पाहुण्या नव्हेत. मागच्या वर्षीच्या व्हॅलिसनेरियाच्या मुळांतून त्या आल्या असाव्यात आणि दिवसभर वाळूत राहत असल्यामुळे मला त्यांचा पत्ताच लागला नाही.

२२ जून ते १२ जुलै

पहिले तीन आठवडे मी फक्त वेचण्याचे काम केले. रात्री काकडीची जाड चकती काट्याला टोचून तळाशी ठेवायची आणि पहाटे दिवा लावण्याआधी ती उचलायची. चकतीच्या खालच्या बाजूला गोगलगायी दाटीवाटीने बसलेल्या असतात. काकडीपेक्षा किंचित उकडलेला दुधी अधिक चांगला ठरला, कारण तो तरंगत नाही आणि सकाळपर्यंत पाणीही गढूळ करत नाही. काचेवरची अंडी जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून काढली. ब्लॅडर स्नेलची अंडी पारदर्शक जेलीच्या छोट्या वळकटीत असतात, तर रॅमशॉर्नची चपट्या गोल चकतीत. आपल्याकडच्या तापमानात ती साधारण आठवड्याभरात फुटतात. ट्रम्पेट अंडी घालतच नाही. तिची पिल्ले आईच्या शरीरातच वाढून शंखासह बाहेर येतात आणि बहुतेक माद्यांना नराची गरजही पडत नाही. ब्लॅडर स्नेल उभयलिंगी असते आणि जोडीदार न मिळाल्यास स्वतःच्याच बीजाने अंडी घालू शकते. म्हणजे तिन्ही जातींपैकी एखादी जरी मागे राहिली, तरी वंश पुन्हा उभा राहतो.

या तीन आठवड्यांत मी एकूण २१४ गोगलगायी बाहेर काढल्या. १२ जुलैच्या रात्रीच्या मोजणीत ब्लॅडर स्नेल ११२ निघाल्या. एवढी मेहनत करूनही आकडा तिपटीहून अधिक वाढला होता, तेव्हा वेचण्यापलीकडे विचार करणे भाग पडले.

औषधांविषयी

याच सुमारास मला तांब्याचा अंश असलेले औषध सुचवण्यात आले. तांबे गोगलगायींना मारते यात शंका नाही. मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, त्यासाठी पूर्वापार वापरले जाते. पण ते झिंग्यांनाही मारते आणि वाळूत, दगडांत मुरून पुढे बराच काळ थोडे थोडे पाण्यात उतरत राहते. मुंबईकरांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपले नळाचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा या जलाशयांतून, सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडलेल्या पावसातून येते आणि ते मृदू असते. माझ्या किटवर सामान्य कठीणपणा ३ अंश आणि कार्बोनेट कठीणपणा २ अंश येतो. मृदू पाण्यात तांब्याची विषारी मात्रा माशांनाही लवकर बाधते, त्यामुळे बाटलीवरचे प्रमाण कठीण पाण्यासाठी सुरक्षित असले तरी आपल्याकडे ते तसे असेलच, असे नाही.

दुसरा धोका मेलेल्या गोगलगायींचा. शंभर ब्लॅडर स्नेल आणि वाळूत गाडलेल्या ट्रम्पेट एकाच दिवशी मेल्या, तर त्या कुजून अमोनिया एवढा वाढेल की माझा स्पंज फिल्टर तो पेलू शकणार नाही. वरच्या गोगलगायी वेचता येतील, वाळूतल्या नाहीत. हे दोन मुद्दे एकत्र ठेवल्यावर औषधाचा विषय मी बंद केला.

शिकारी जीव ठेवण्याचाही विचार केला होता. आग्नेय आशियातील असॅसिन स्नेल इतर गोगलगायी खाते आणि सावकाश वाढते, त्यामुळे तो पर्याय वाईट नाही. पण एका गोगलगायीच्या बंदोबस्तासाठी दुसरी आणण्यापूर्वी मूळ कारण शोधावे असे वाटले. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील नद्यांत आढळणारा मटारएवढा पफर मासा गोगलगायी आवडीने खातो, पण गप्पींच्या शेपट्या कुरतडतो. शिवाय मूळ अधिवासातील त्याची स्थिती चिंताजनक असून तो असुरक्षित प्रजातींत गणला जातो. क्लाउन लोच मासा तर पूर्ण वाढल्यावर फूटभर होतो. दोन फुटी टाकीत त्याला आणणे अन्याय आहे, मग तो कितीही गोगलगायी खावो.

१३ जुलै ते २ ऑगस्ट

मूळ कारण स्वयंपाकघराच्या फळीवर सापडले. जूनमध्ये उघडलेला खाद्याचा डबा जुलैच्या मध्यालाच तळ दाखवू लागला होता. मी दिवसातून एकदाच, रात्री आठ वाजता खाद्य घालते. चौकशी केल्यावर कळले की माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सकाळी पूजा झाल्यावर एकदा, दुपारच्या चहाआधी एकदा आणि दिवेलागणीला एकदा चिमूटभर टाकतात. शाळेतून आल्यावर माझा मुलगाही टाकतो. अण्णा म्हणाले, “अगं, मी काचेजवळ गेलो की ते सगळे तोंड वर करून येतात. उपाशी असल्याशिवाय येतील का?” ते प्रेमाने खाद्य घालत होते आणि घरात सर्वांत जास्त वेळ टाकीसमोर तेच बसतात, त्यामुळे त्यांना नुसते ‘घालू नका’ म्हणणे मला पटले नाही.

आम्ही दोघांनी मिळून मोजमाप केले. सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घरी होता. अण्णांच्या चिमटीत ०.३ ग्रॅम येते. सर्वांचे मिळून दिवसाला सुमारे १.४ ग्रॅम खाद्य टाकीत पडत होते. माझ्या माशांचे एकूण वजन अंदाजे २५ ग्रॅम धरले आणि त्याच्या दोन टक्के खाद्य दिले, तर अर्धा ग्रॅम पुरेसे होते. उरलेले जवळजवळ एक ग्रॅम दररोज वाळूवर पडत होते आणि गोगलगायी त्यावरच वाढत होत्या. नायट्रेट, म्हणजे खाद्य आणि घाण कुजून पाण्यात साठणारा क्षार, ४० पर्यंत का चढते, या माझ्या जुन्या कोड्याचेही उत्तर त्यातच होते.

आता अण्णा दर रविवारी ०.४ ग्रॅमच्या सहा पुड्या बांधून छोट्या डबीत ठेवतात. दिवसाला एकच पुडी आणि तीही त्यांनीच घालायची. मी आणि मुलाने खाद्याला हात लावायचा नाही. सोमवारी उपास. या व्यवस्थेत टाकीवरचा त्यांचा अधिकार कमी झाला नाही, उलट वाढला, आणि म्हणूनच ती टिकली असे मला वाटते.

वेचणे मी चालूच ठेवले. २ ऑगस्टची मोजणी : ब्लॅडर ९६, रॅमशॉर्न २२. घट लहान होती, पण मोजायला सुरुवात केल्यापासूनची ती पहिलीच.

काढलेल्या गोगलगायींचे काय केले, हेही सांगायला हवे, कारण याविषयी फारसे कुणी बोलत नाही. बारीक ब्लॅडर स्नेल मी काचेवरच चिरडते. कोरिडोरास त्या लगेच खातात. मोठ्या गोगलगायी डबीत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी कुंडीतल्या मातीत पुरते. जीव घेणे मला सोपे जात नाही. पण त्या नाल्यात, गटारात किंवा जवळच्या तळ्यात सोडणे हा दयेचा मार्ग नव्हे. फायसेला अक्युटा मूळची उत्तर अमेरिकेची आहे आणि आज ती जगभर पसरली आहे. त्या पसरण्यात आपल्यासारख्या छंदवाल्यांनी फेकलेल्या पाण्याचा आणि झाडांचा हात आहे.

इथेच आणखी एक सावधगिरी. शेततळ्यातून किंवा तलावातून तोडून आणलेली झाडे टाकीत लावू नयेत. आपल्याकडच्या तळ्यांतील मोठी रॅमशॉर्न, इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, ही गुराढोरांच्या रक्तातील चपट्या कृमींची वाहक आहे आणि त्या कृमींच्या पोहणाऱ्या अळ्या माणसाच्या त्वचेत शिरल्या की खाज सुटते. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात तर १९५२ साली अशाच कृमींमुळे माणसांना मूत्रमार्गाचा आजार झाल्याची नोंद झाली आणि तिथे वाहक ठरली ती फेरिसिया नावाची नखाएवढीही नसलेली, टोपीसारखी चपटी गोगलगाय. टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या गोगलगायींपासून ही भीती नाही, कारण त्या कृमींचे चक्र पूर्ण व्हायला गुरे किंवा माणूस लागतो. बाहेरून नुकत्याच आलेल्या गोगलगायीविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

सप्टेंबर

गणपतीसाठी आम्ही सर्व सहा दिवस गावी गेलो. दरवर्षी शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि खाद्याचा डबा देत असू; यंदा किल्ली दिली, डबा दिला नाही. निरोगी, पूर्ण वाढलेले मासे सहा दिवस उपाशी राहू शकतात, हे अण्णांना पटायला वेळ लागला आणि प्रवासात त्यांनी दोनदा तरी विषय काढला. परतल्यावर अकराही गप्पी जागेवर होते, काचेवरचे शेवाळ कमी झाले होते आणि जावा मॉस कधी नव्हे इतका स्वच्छ दिसत होता. त्या रात्री ब्लॅडर स्नेल ४१ मोजल्या. त्यांत मोठ्या आणि मध्यम आकाराच्याच अधिक होत्या, बारीक पिल्ले जेमतेम सात. मला त्या ४१ या आकड्यापेक्षा ही सात पिल्ले महत्त्वाची वाटली, कारण खाद्य कमी पडू लागले की अंडी कमी होतात, हे माझ्या टाकीत प्रथमच डोळ्यांनी दिसले.

ट्रम्पेट मी काढत नाही. त्या वाळू सतत खालीवर करतात, त्यामुळे काचेलगत जो काळा, दुर्गंधीयुक्त थर पूर्वी धरत असे, तो आता दिसत नाही. त्या कल्ल्यांनी श्वास घेतात, म्हणून पाण्यातील प्राणवायू कमी झाला की सर्वांत आधी त्यांना कळते. २३ सप्टेंबरला भर दुपारी पंधरा-वीस ट्रम्पेट काचेवर चढलेल्या अण्णांनी पाहिल्या आणि मला ऑफिसात फोन केला. एअरपंपाची नळी निघून पडली होती.

त्यांच्या शंखांची टोके पांढरी पडून झिजली आहेत, हे मृदू पाण्याचे लक्षण. झिंग्यांनाही कात टाकल्यावर कॅल्शियम लागतेच, म्हणून काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेला समुद्रफेनाचा अंगठ्याएवढा तुकडा फिल्टरजवळ ठेवला आहे. सामान्य कठीणपणा महिन्यात ३ वरून ५ वर आला.

१८ ऑक्टोबर

रात्रीची मोजणी : ब्लॅडर १७, रॅमशॉर्न ८. ट्रम्पेट मोजल्या नाहीत. नायट्रेट १५. दुधीचा सापळा आता पंधरा दिवसांतून एकदा लावते.

नवी झाडे यापुढे थेट टाकीत जाणार नाहीत. ६ ऑक्टोबरला आणलेली जावा फर्न आधी तुरटीच्या पाण्यात, चार लिटरला एक मोठा चमचा या प्रमाणात, चोवीस तास ठेवली आणि मग स्वच्छ धुऊन खिडकीतल्या पांढऱ्या बादलीत सोडली. पांढरी बादली मुद्दाम घेतली, कारण तीत मोहरीएवढी गोगलगायही लगेच दिसते. ब्लीचने काम अधिक खात्रीचे होते हे खरे, पण व्हॅलिसनेरिया आणि मॉस त्यात जळतात. तुरटीने बहुतेक पिल्ले मरतात. अंड्यांच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवू नये. बाराव्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, अण्णांना एका पानाच्या मागे जेलीची वळकटी दिसली आणि भिंगातून पाहिल्यावर आतले ठिपके हलताना दिसले. ते पान कापून टाकले. बादलीतली झाडे आणखी तीन आठवडे तिथेच राहतील.