लाल शाईचे पाच ‘गै’

डिसेंबर आला की दहावीच्या वर्गशिक्षकाचं ठरलेलं काम. कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, घेऊन बसायचं, बेरजा मारायच्या आणि ७५ टक्क्यांच्या खाली घसरलेल्यांची यादी मुख्याध्यापकांकडे द्यायची. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणून दिवस आधीच मोजके. त्यात पोळा, मारबत, दिवाळी. तेव्हापर्यंत शाळा भरली होती ११८ दिवस. यादीत पाच नावं होती. चार नेहमीचीच, पाचवी पहिल्या बाकावरची मुलगी. हजर ८१ दिवस, म्हणजे ६९ टक्क्यांनाही जरा कमी.

तिच्या घरी चिठ्ठी गेली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आई आली, मागे मुलगी. मी नेहमीचं भाषण सुरू केलं. हजेरी कमी पडली तर मुख्याध्यापकांना कारणासकट प्रस्ताव करावा लागतो, नुसत्या ‘बरं नव्हतं’वर तो होत नाही, दवाखान्याचे कागद लागतात, वगैरे.

आईनं पिशवीतून प्लास्टिकची थैली काढली. मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची, डिस्चार्ज कार्डं, घड्या पडून फाटायला आलेली. सगळ्यांवर एकच शब्द होता, सिकलसेल.

“सर, टायफॉइड लिहा न जी,” आई म्हणाली. “हे नका लिहू. मोठीची सोयरीक चालू आहे. पाहुण्यायले समजलं तं काय म्हणतीन?”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. “ताई, टायफॉइड जूनपासून डिसेंबरपर्यंत टिकते का? आणि कागद एक म्हणते, अर्ज दुसरं, असं कसं चालंल?”

नागपुरात राहून सिकलसेल माहीत नाही असा मास्तर विरळाच. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात आणि हाडांत कळा उठतात. आजार आईबापांकडून येतो, म्हणूनच सोयरिकीची धास्ती. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, दमछाक, यातलं काहीही पुरतं. हे सगळं मी दरवर्षी १९ जूनच्या सिकलसेल दिनाच्या पत्रकात वाचतो आणि फाइलला लावतो.

कार्डांवरच्या तारखा कॅटलॉगशी जुळवायला बसलो. तिचे ‘गै’ सुटे नव्हतेच, झुबक्यांनी होते. ऑगस्टमधल्या झडीनंतर चार. नोव्हेंबरात थंडी पडल्यावर सहा. सप्टेंबरात सलग पाच. या पाचांच्या आदल्या दिवशी ‘ह’ होता, आणि तो दिवस मला आठवला. सात-आठ पोरं उशिरा आली होती. मी फाटकाशी उभा होतो. सगळ्यांना मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. ही दुसऱ्या फेरीत कमरेवर हात ठेवून थांबली, तेव्हा मी ओरडलो होतो, “नाटकं नको करू!” तिनं तिसरी फेरी पुरी केली. दुसऱ्या दिवसापासून पाच ‘गै’ लाल शाईनं मीच लिहिले, ओळीत, सुबक अक्षरात.

हे मी तिच्या आईला त्या दिवशी सांगितलं नाही. पुढंही नाही.

“तेव्हा काहून सांगितलं नाहीस?” मुलीला एवढंच विचारलं.

ती खाली पाहत राहिली. मग म्हणाली, “सर, आता ते कॅटलॉगवर राहील का? हजेरी घेताना पोरी डोकावतात.”

कॅटलॉगवर काहीच राहत नाही, मी सांगितलं. तिथं दोनच अक्षरं, ‘ह’ आणि ‘गै’. कारण प्रस्तावात जातं, प्रस्ताव बंद पाकिटात. आईला हेही सांगितलं की २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचं नाव आहे. प्रमाणपत्र निघालं तर पोरीचे पुढचे हक्क उभे राहतील, टायफॉइडवर काही मिळत नाही. आई बराच वेळ थैलीची गाठ सोडत-बांधत राहिली. “पाहुण्यायपर्यंत नाही ना जात?” तिनं दोनदा विचारलं. मग सही केली.

बाबूला टायपिंगला न देता प्रस्ताव मीच हातानं लिहिला. लिहिताना शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयांची आठवण येऊन चीड आली. तिथं दिवसभर ट्यूशनमध्ये बसलेल्या पोरांची हजेरी कागदावर भरगच्च भरते. २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिकचा आदेश उगाच काढावा लागला नाही. आणि कळा सोसत ८१ दिवस वर्गात येणारीनं पुरावा आणायचा.

प्रस्ताव पुढं मंजूर झाला, हॉलतिकीटही वेळेवर आलं.

माझ्या वर्गात तास चालू असताना पाणी प्यायला बंदी होती. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, बाटली बाकावरच ठेव. तिसऱ्या बाकावरचा एक लगेच उठला, “सर, तिलेच काहून?”

क्षणभर काही सुचलं नाही. मग म्हणालो, “तिलेच नाही रे. सगळ्यांनी ठेवा, सगळ्यांनी प्या.”

तेव्हापासून माझ्या तासाला बाटल्यांचा खडखडाट असतो, आणि दर दहा मिनिटांनी एक बोट वर होतं, “सर, जाऊन येऊ का?”