एचडी ६५० आणि सुंदारा: डग्ग्याचं कोडं सुटलं!
मागच्या वेळी लिहिलं होतं ना, की ट्यूब अँपवर एचडी ६५० हा हेडफोन लावला की तबल्याचा डग्गा मस्त भरून घुमतो आणि सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) अँपवर तोच आखडल्यासारखा वाटतो, सुंदारा या दुसऱ्या हेडफोनला मात्र दोन्हीकडे सारखंच? तीन आठवडे त्यातच गेले. डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारा डबा) बदलला, केबल बदलली, हेडफोनचे कानावरचे पॅड नवे मागवले, तर ऑनलाइन विक्रेत्याने ओरिजिनल म्हणून भलतेच पाठवले, इतके कडक की गाणं लांब गेलं, परत केले. आधी आवाज कानानेच जुळवत होतो, पण जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, म्हणून ४०० हर्ट्झचा टोन लावून मल्टिमीटरवर व्होल्टेज जुळवलं. फरक तसाच!

काल रात्री इम्पीडन्सचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युत अडथळ्याचा ग्राफ घेऊन बसलो आणि उलगडा झाला. ६५० म्हणायला ३०० ओहमचा, पण ८०-१०० हर्ट्झच्या आसपास ५०० च्या घरात जातो. माझ्या ओटीएलचा (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या त्या ट्यूब अँपचा) स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स १२० ओहम. म्हणजे ३०० ओहमला जवळपास ३ डेसिबल पडतात आणि तिथे २ सुद्धा नाही, डग्ग्याला साधारण १ डेसिबल जास्तीचा मिळतो. सुंदारा प्लेनार (सपाट पडद्याचा), ३७ ओहमची सरळ रेघ, त्याचा नुसता आवाज उतरतो, टोन हलत नाही.

नुसत्या गणितावर समाधान होईना म्हणून आज पुण्यात पासोड्या विठोबाजवळून १२० ओहमचे रेझिस्टर आणले, तिथे अजून दोन-चार नग सुटे मिळतात हे फार बरंय. सॉलिड स्टेटच्या पुढे दोन्ही चॅनलला एकेक सिरीजमध्ये सोल्डर केला, विलंबित एकताल लावला आणि आला की हो, तोच डग्गा! मनगट सरकवून काढलेली मींड अगदी पोटात जाणवली. सुंदारा लावला तर साडेबारा डेसिबल खाली, बाकी जसाच्या तसा.

तानपुऱ्याला मात्र माझं मत सुंदारालाच. जवारीचा दोरा किंचित सरकवला की तार जशी उघडते ना, तो फरक त्यात तारेगणिक कळतो, ६५० सगळं एकजीव करतो. गळ्याला ६५०च.

ट्यूब अँप विकायला काढणार होतो, ते रद्द. लिहिता लिहिता सुचलं, ०, ३३ आणि १२० ओहमचा रोटरी स्विच डबीत बसवला तर ऐकता ऐकताच बदलता येईल. रविवारी मित्राचा एचडी ८०० एस हेडफोन येतोय, तोही ३०० ओहमचाच, त्याआधी डबी तयार पाहिजे.