गुडघ्याचे लाड

लेक म्हणाली, "बाबा, उद्या रेल्वेच्या वाटेनं चालायला जाऊ." म्हटलं, रुळांवरनं चालल्याबद्दल लहानपणी फटके खाल्लेत, आता म्हातारपणी पुन्हा नकोत.

तिच्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गपासून थोडं लांब ओहायोपाइल नावाचं गाव आहे. तिथल्या नदीकाठानं पूर्वी रेल्वे जायची. गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले आणि त्या जागी चुनखडीची बारीक कच दाबून वाट केली. १९८६ला थोडीशीच होती. तुकडे जोडत जोडत २०१३ साली ती पिट्सबर्गपासून कंबरलँड गावापर्यंत पुरी झाली, दोनशे चाळीस किलोमीटर. नदीचं नाव योकोगेनी. मला ते आठवडाभर जमलं नाही. गावातली माणसं नुसतं 'यॉक' म्हणतात, म्हणजे त्यांनाही फारसं जमत नसावं.

आता माझा गुडघा म्हणजे जोतिबाच्या पायऱ्या नुसत्या आठवल्या तरी कुरकुरणारा. तिथं मात्र तास होऊन गेला तरी गप्प! वाटेत कुठं दम लागेना, कुठं उतारावर जपावं लागेना. मग उमगलं. आगगाडीला चढ सोसत नाही. शंभर मीटरला दीड-दोन मीटर चढ आला की इंजिनाच्या तोंडाला फेस. म्हणून शंभरावर वर्षांपूर्वी कुणी कुणी डोंगर कापले, ओढ्यांवर भराव घातले, आणि जिथं जमलं तिथं सरळ नदीचं बोट धरलं, कारण सोपा उतार तिनं आधीच शोधून ठेवलेला. इंजिनासाठी केलेले ते सगळे लाड आता माझ्या गुडघ्याच्या वाट्याला आले होते.

परत आल्यावर सकाळी पंचगंगेच्या घाटावर फिरतो, पण डोक्यात ती वाट. आमची रेल्वे १८९१ची. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली त्यालाही पन्नासवर वर्षं झाली. कोल्हापूरला गाडी येते ती थांबायलाच, पुढं रूळ नाहीत. जायचं ते उलट, मिरजेकडं. नदीही तिकडंच निघालेली.

परवा मिरजेला निघालो. वळिवडे गेलं, रुकडीच्या पुलावर पंचगंगा आडवी आली. मी खिडकीला नाक लावून बसलेलो. समोरच्या आजोबांनी विचारलं, "काय हुडकालाय ओ?"

"चढ," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली.